थांबलेला कळप

उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग आणि दक्षिणेस तापी नदीचे रुंद पात्र, या दोहोंच्या मध्ये शहादा तालुक्याची काळी, कसदार जमीन पसरलेली आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, त्याचाच हा भाग. कापूस, ज्वारी, मका, तूर, ऊस, केळी, पपई अशी नाना पिके येथे होतात. उन्हाळ्यात हा प्रदेश नुसता भाजून निघतो. म्हणून येथे थंडी ती कसली पडणार, असे परगावच्या माणसास वाटते. परंतु मार्गशीर्ष महिना लागला, सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेसाठी घोड्यांचे व्यापारी उतरू लागले, की पहाटेचा वारा अंगास बोचू लागतो. तापमान कित्येकदा १० अंशांच्या खाली जाते. वर सातपुड्यात, तोरणमाळ आणि डाब या बाजूस, तर गवताच्या पात्यांवरचे दव गोठून पांढरे झालेले काही वर्षी पाहावयास मिळते.

अशा पहाटे माणसे शेकोटीभोवती बसतात. मेंढी मात्र आपली शेकोटी पोटात घेऊन हिंडते. ती कशी, हे पुढे येईलच. आधी ही मेंढी कोणती, ते पाहिले पाहिजे.

महाराष्ट्राच्या पठारावर जी मेंढी पूर्वापार दिसते तिला दख्खनी मेंढी म्हणतात. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी अशा तिच्या उपजाती प्रसिद्ध आहेत. ही मेंढी अंगाने लहान असते. पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन २५ ते ३० किलोंच्या आसपास भरते. रंग बहुधा काळा असतो. लोकर राठ असते व तिच्यात केसांचा अंश पुष्कळ असतो. उंची वस्त्रांस ती चालत नाही, पण घोंगडीस तिच्यासारखी लोकर नाही. ती पुष्कळ चालते, खडकाळ माळावरही पोट भरते, आणि थोडक्या अन्नावर निभाव लावते.

जगात इतरत्रही अशा लहान, काटक मेंढ्या आहेत. ज्यांच्यात माणसाने निवड करून फारसा बदल घडवून आणला नाही, त्यांना आदिम जाती म्हणतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेस समुद्रात सेंट किल्डा नावाचा बेटांचा समूह आहे. त्यातील हिर्ता बेटावरील माणसे १९३० साली बेट सोडून गेली. १९३२ साली शेजारच्या सोए नावाच्या बेटावरून १०७ मेंढ्या तेथे आणून सोडण्यात आल्या. त्यांचा वंश आजही तेथे आहे. त्यांना कोणी चारा घालीत नाही व कोणी निवारा देत नाही. बरी वर्षे आली की त्यांची संख्या वाढते. मग एखाद्या कडक हिवाळ्याच्या अखेरीस गवत संपते आणि निम्म्याहून अधिक मेंढ्या उपासमारीने मरून पडतात. शास्त्रज्ञ १९८५ पासून त्यांच्या नोंदी सातत्याने ठेवीत आले आहेत. स्कॉटलंडच्याच उत्तरेस नॉर्थ रोनाल्डसे नावाचे दुसरे एक बेट आहे. तेथील लोकांनी १८३२ साली बेटाभोवती सुमारे २० किलोमीटर लांबीची दगडी भिंत घातली आणि मेंढ्यांना भिंतीबाहेर, समुद्राच्या बाजूस ठेवले. तेव्हापासून त्या मेंढ्या मुख्यत्वे समुद्रशेवाळ खाऊन राहतात. गंमत अशी की, हिवाळ्यातील वादळे शेवाळाचे ढीग किनाऱ्यावर आणून टाकतात, त्यामुळे इतर मेंढ्या रोडावतात त्या ऋतूत या मेंढ्या अंग धरतात.

तेव्हा काटक मेंढीसही थंडीपेक्षा भूक अधिक मारते. थंडी सोसण्यास जे बळ लागते ते चाऱ्यातूनच यावयाचे असते.

खानदेशातील धनगरांनी या भुकेवर आपला असा एक तोडगा काढला. धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत ठेलारी धनगरांची वस्ती आहे. पावसाळा सरून माळावरचे गवत वाळू लागले की ते आपले कळप घेऊन चराईच्या शोधात बाहेर पडतात. बरोबर बिऱ्हाड असते, कुत्री असतात, रात्री कळपाभोवती लावावयाची वाघूर म्हणजे जाळी असते. पिके निघालेल्या शेतांत मेंढ्या चरतात. रात्री त्या शेतातच बसवितात. मेंढ्यांच्या लेंड्यांनी आणि मुताने शेतास उत्तम खत मिळते, म्हणून शेतकरी त्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. गावामागून गाव मागे पडते आणि नवा पाऊस आला की कळप घराकडे वळतात. चालणारा कळप स्वतः चाऱ्यापाशी जातो. जो कळप थांबला, त्याच्यासाठी मात्र चारा दाराशी आणून ठेवावा लागतो. हे काम वाटते तितके सोपे नाही.

अशाच एका थांबलेल्या कळपाची कल्पना करू. कळप कसला, सहा मेंढ्याच त्या. घर शहादा तालुक्यात, गावाबाहेर तीन एकरांच्या शेतात. घरातील आजीचे सारे तरुणपण कळपामागे चालण्यात गेले. पुढे मुलाने जमीन घेतली, नातवास शाळेत घातले, आणि कुटुंब एका जागी राहिले. मोठा कळप विकला गेला; आजीच्या हट्टामुळे सहा मेंढ्या राहिल्या. त्यांची देखभाल आजी करी, आणि शाळेपूर्वी व शाळेनंतर बारा वर्षांचा नातू तिला मदत करी.

दसरा झाला, ज्वारीची कापणी उरकली, तशी आजी कडब्याच्या गंजीपाशी उभी राहिली. तिला लिहिता येत नव्हते. म्हणून नातू वही घेऊन बसला.

“एक मेंढी दिवसाला किती खाते रे?” आजीने विचारले.

नातवाने शाळेच्या पुस्तकात वाचलेले सांगितले. मेंढी आपल्या वजनाच्या शेकडा ३ इतका वाळलेला चारा रोज खाते. २५ किलोंच्या मेंढीस पाऊण किलो; सहा मेंढ्यांस साडेचार किलो. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत चार महिने, म्हणजे १२० दिवस धरले, तर ५४० किलो चारा हवा. त्यातला निम्मा बांधावर व माळावर चरून मिळेल असे मानले, तरी २७० किलो घरचा लागणार. एक पेंढी दीड किलोची. नातवाने भागाकार केला आणि १८० पेंढ्या पुरेत, असे मोठ्या आनंदाने जाहीर केले.

आजी हसली. “पोरा, तुझा हिशेब बरोबर आहे, पण तुझ्या वहीतली मेंढी फार शहाणी आहे. आपली मेंढी पेंढीतली पाने खाते आणि धांडे पायांखाली तुडवते. तिसरा हिस्सा वाया जातो. तो धर.”

नातवाने पुन्हा आकडे मांडले. तिसरा हिस्सा वाया जावयाचा असेल तर १८० ऐवजी २७० पेंढ्या हव्यात. गंजीत तर दोनशेच्या वर काही नव्हत्या. मग दोन गोष्टी ठरल्या. कडबा विळीवर बारीक कापून, कुट्टी करून घालावयाचा, म्हणजे धांडेही पोटात जातील. आणि कुट्टी जमिनीवर न टाकता लाकडी गव्हाणीत घालावयाची. पायदळी तुडवलेला, मुताने भिजलेला चारा मेंढी उपाशी राहील पण तोंडात घेणार नाही. तिचे नाक फार चिकित्सक असते.

पण नुसत्या कडब्यावर मेंढीचे भागत नाही. याचे कारण समजण्यासाठी तिच्या पोटात डोकावले पाहिजे. मेंढीच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला कप्पा सर्वांत मोठा. मेंढी चारा घाईघाईने गिळते तो या कप्प्यात साठतो. मग निवांत बसून ती तो पुन्हा तोंडात आणून चघळते. यालाच रवंथ म्हणतात. दिवसातले सुमारे आठ तास या कामी जातात. या पहिल्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव राहतात. तेथील रसाच्या एका थेंबात ते कोट्यवधी असतात. गवत व कडबा यांतील चिवट धागे मेंढीस स्वतःस पचविता येत नाहीत. ते काम हे सूक्ष्मजीव करतात. चारा आंबतो, त्यातून मेंढीस शक्ती मिळते आणि भरपूर उष्णताही निर्माण होते. मेंढीच्या शरीराचे तापमान ३९ अंशांच्या आसपास असते. बाहेर कडाक्याची थंडी असता ते तसेच राखण्यास ही उष्णता उपयोगी पडते. पोटातील शेकोटी म्हणतात ती हीच. म्हणून आजी हिवाळ्यात कुट्टीचा मोठा वाटा सायंकाळी घाली. रात्रभर तो पोटात आंबत राही आणि पहाटेच्या गारठ्यात मेंढ्या उबदार राहत.

या सूक्ष्मजीवांनाही अन्न लागते, आणि त्यांना विशेषेकरून प्रथिने लागतात. चाऱ्यात शेकडा सात-आठ भाग प्रथिने असली तर ते जोमाने वाढतात. ज्वारीच्या कडब्यात ती जेमतेम चार भाग. मग सूक्ष्मजीव रोडावतात, चारा पोटात तसाच पडून राहतो, आणि मेंढीचे पोट फुगलेले पण अंग खंगत चाललेले, असे विपरीत दृश्य दिसते. पोट भरलेले दिसते म्हणून धनी निश्चिंत असतो. यावर उपाय पाल्याचा. बोरीच्या पाल्यात कडब्याच्या तिपटीने प्रथिने असतात; भुईमुगाच्या वाळल्या वेलांतही ती पुष्कळ असतात. खानदेशात अंजनाची झाडे आहेत, त्यांचा पाला गुरे-मेंढ्या आवडीने खातात. बांधावर शेवरी लावलेली असेल तर मग विचारावयासच नको. सुबाभळीचा पालाही सकस खरा, पण त्यात एक विषारी द्रव्य असते. तो फार दिवस व फार प्रमाणात दिला तर मेंढीची लोकर गळू लागते. तेव्हा तो इतर चाऱ्यात थोडाच मिसळावा. आजीने दिवाळीपूर्वीच बोरीच्या फांद्या तोडून, झोडपून, पाला सावलीत वाळवून पोत्यांत भरून ठेवला होता. तूर निघाल्यावर तिचे कुटारही असेच साठविले जाई. सोबत दगडी डोणीत खडेमीठ असे. मेंढ्या ते येता-जाता चाटीत.

सकाळी मेंढ्या बाहेर सोडण्याची घाई आजी कधी करीत नसे. दव असलेल्या गवतावर जंतांची अळी पात्याच्या टोकापर्यंत चढून बसते; ते गवत खाल्ले की जंत पोटात जातात. ऊन वर आले, दव वाळले, की मग वाड्याचे फाटक उघडे. आणखी दोन ठिकाणी ती मेंढ्यांना फिरकू देत नसे. एक, कापणीनंतर ज्वारीच्या खोडांस जे कोवळे, हिरवेगार फुटवे येतात त्यांच्यात. ते दिसण्यास मोठे मोहक, पण त्यांत विष असते. खाल्ले की जनावर तडफडून मरते. शेतकरी त्यास किराळ लागणे असे म्हणतात. दुसरे, नुकतीच औषधाची फवारणी झालेले कापसाचे शेत. शेवटची वेचणी झाली की कापसाच्या पाल्यावर व हिरव्या बोंडांवर मेंढ्या सोडण्याची चाल आहे. मात्र फवारणी केव्हा झाली हे शेतमालकास विचारल्यावाचून ती शेतात पाय ठेवू देत नसे.

श्रावणात गवत मातले असताना ज्या मेंढ्या गाभण राहिल्या होत्या त्या पौषात विणार होत्या. मेंढीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा, १५० दिवसांच्या आसपास असतो. यातील पहिले साडेतीन महिने पोटातील पिलू फारसे वाढत नाही. त्याची दोन-तृतीयांशाहून अधिक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. आणि नेमके याच वेळी वाढते पिलू आईच्या चाऱ्याच्या कप्प्यास दाबू लागते, त्यामुळे तिला पूर्वीइतका चारा पोटात मावत नाही. गरज वाढलेली, जागा कमी झालेली, आणि बाहेर वाळलेला माळ. अशा वेळी मेंढी आपल्या अंगची चरबी झपाट्याने वितळवू लागते. हे प्रमाणाबाहेर गेले तर रक्तात दोष उत्पन्न होतो. मेंढी खाणे सोडते, भिंतीस डोके टेकून उभी राहते, आणि पिलासह मरते. म्हणून या सहा आठवड्यांत थोड्या जागेत अधिक बळ देणारे खाद्य द्यावे लागते. त्यास खुराक म्हणतात. मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा आणि थोडी ढेप असा आजीचा खुराक असे. चार मेंढ्या गाभण होत्या. प्रत्येकीस रोज २०० ग्रॅम, ४५ दिवस, म्हणजे ३६ किलो भरडा बाजूस काढून ठेवला गेला.

परंतु पहिल्याच दिवशी २०० ग्रॅम द्यावयाचे नव्हते. आरंभ मूठभर भरड्याने करावयाचा आणि पंधरा दिवसांत हळूहळू पूर्ण मापावर यावयाचे. यामागील कारण आजीस अनुभवाने ठाऊक होते. नातवास ते पुढे घडलेल्या प्रसंगाने कळले.

सहा मेंढ्यांत एक भुरी होती. ती सर्वांत वयस्कर. दिसावयास सर्वांत गुबगुबीत. लोकर दाट, पोट मोठे. नातवाचा समज असा की, हिला काही कमी नाही. एका सायंकाळी आजीने त्याचा हात धरून भुरीच्या पाठीवर, शेवटच्या बरगडीच्या मागे टेकविला.

“डोळ्यांनी पाहू नकोस,” ती म्हणाली. “बोटांनी पाहा.”

लोकरीच्या खाली नातवाच्या बोटांना कण्याची हाडे करवतीच्या दातांसारखी लागली. त्याने दचकून हात मागे घेतला. मग त्याने दुसऱ्या मेंढीची पाठ चाचपली. तेथे हाडे लागत होती, पण त्यांवर मांसाची मऊ भर होती. पशुवैद्यही मेंढीची अंगस्थिती अशाच रीतीने, त्याच जागी हात ठेवून ठरवितात आणि तिला १ ते ५ गुण देतात. लोकरीमुळे मेंढीचा रोडपणा झाकला जातो. म्हणून दर पंधरा दिवसांनी हात फिरविल्यावाचून मेंढीची खरी हकीकत कळत नाही. आजीने भुरीचा ओठ वर करून दाखविला. पुढचे दोन दात पडलेले व उरलेले झिजलेले होते. कडबा तिला चावता येत नव्हता, आणि गव्हाणीशी धडधाकट मेंढ्या तिला रेटून बाजूस सारीत. त्या दिवसापासून भुरीसाठी वाड्यात कूड घालून वेगळा कोपरा केला गेला. तिची कुट्टी अधिक बारीक होऊ लागली व पाण्यात भिजवून मिळू लागली.

नातवाच्या मनात मात्र ती करवतीसारखी हाडे घर करून बसली. तीन दिवसांनी आजी शहाद्यास बाजाराला गेली होती. आईवडील शेतात होते. त्याने कोठीतून ज्वारीचे दाणे काढले, जवळजवळ किलोभर, आणि भुरीसमोर ठेवले. भुरीने टोपली चाटूनपुसून रिकामी केली. मुलास धन्यता वाटली.

रात्री भुरी उठेना. तिने रवंथ थांबविला होता. डावी कूस फुगली होती, दात करकर वाजत होते, अंगाखाली पातळ, आंबूस विष्ठा पडली होती. आजीने कंदील जवळ नेला, गव्हाण हुंगली आणि नातवाकडे पाहिले. त्याने सर्व सांगून टाकले. ती रागावली नाही, हेच त्याला अधिक लागले.

झाले होते असे. कडबा पचविणारे सूक्ष्मजीव वेगळे आणि दाणे आंबविणारे वेगळे. दाण्यांचा एकदम मारा झाला की दुसऱ्या प्रकारचे सूक्ष्मजीव बेसुमार माजतात व तीव्र आम्ल तयार करतात. त्या आम्लात कडबा पचविणारे सूक्ष्मजीव मरतात, पोटाचे चलनवलन थांबते, आणि आम्ल रक्तात उतरून जनावर दगावू शकते. दाणे हळूहळू वाढवीत नेले तर दोन्ही प्रकारच्या सूक्ष्मजीवांचा मेळ बसतो. पंधरा दिवस लागतात ते याचसाठी. उपाशी, रोडावलेल्या जनावरास हा धोका सर्वांहून अधिक असतो. दया करावीशी वाटते ती नेमकी त्याच जनावराची!

मुलाच्या वडिलांनी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दूरध्वनी केला. डॉक्टर पहाटे येणार होते. तोवर काय करावयाचे ते त्यांनी सांगितले. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून घोट-घोट पाजावयाचा. भुरीस छातीवर बसती करून दोन्ही बाजूंनी पोत्यांचा आधार द्यावयाचा. पाजताना तिचे तोंड फार वर उचलावयाचे नाही, नाहीतर पाणी फुप्फुसात जाते. दाणा सर्वथा बंद. आजी रात्रभर तिच्या डाव्या कुशीवर मुठीने मर्दन करीत बसली. नातूही बसला. उत्तररात्री गार वारा सुटला तेव्हा त्याने आपल्या अंगावरची घोंगडी भुरीवर घातली. भुरीच्याच लोकरीची ती घोंगडी होती की काय, कोण जाणे.

डॉक्टरांनी येऊन औषध टोचले. पोटावर हात ठेवून, पिलू हलते आहे, असे ते म्हणाले. पण ते जगेल की नाही हे सांगण्याचे त्यांनी टाळले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी भुरीने वाळल्या गवताची एक काडी तोंडात घेतली आणि काही वेळाने तिचा जबडा हळूहळू फिरू लागला. रवंथ सुरू झाला होता. आठवड्यानंतर तिला चिमूटभर भरडा मिळाला. त्यानंतर तो रोज थोडाथोडा वाढत गेला. माप नातू करी, आणि वहीत लिही.

पौषात तीन मेंढ्या एकामागून एक व्यायल्या. भुरी अखेरची. तिचे कोकरू मध्यरात्री जन्मले. दख्खनी कोकराचे वजन जन्मतः अडीच-तीन किलो असते; हे जेमतेम दोनाचे होते आणि उभे राहण्याची धडपड करून पुन्हा पडत होते. भुरीने त्याला चाटले खरे, पण तिच्या सडांत चीक नव्हता म्हटले तरी चालेल. चीक म्हणजे व्यायल्यानंतरचे पहिले दाट, पिवळसर दूध. त्यात कोकरास उब देणारे सत्त्व असते आणि रोगांपासून रक्षण करणारी द्रव्येही असतात. कोकरू ती द्रव्ये आईच्या पोटातून घेऊन येत नाही. ती चिकातूनच मिळतात, आणि जन्मानंतरचे काही तास गेले की कोकराचे आतडे ती शोषून घेईनासे होते. म्हणून पहिल्या तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे.

आजीने कोकराच्या तोंडात बोट घातले. तोंड गार होते. अशा कोकरास लगेच पाजू नये. गारठलेल्या कोकरास धड गिळता येत नाही. दूध श्वासनलिकेत जाते. प्रथम त्यास कोरडे करून ऊब द्यावी लागते. तिने त्याला फडक्याने खसखसून पुसले, घोंगडीत गुंडाळले आणि शेकोटीपाशी मांडीवर घेतले. तोवर नातवाने आदल्या दिवशी व्यालेल्या मेंढीचा थोडा चीक वाटीत काढून आणला. अर्ध्या तासाने कोकराचे तोंड कोमट लागले. मग कापडाची वात चिकात बुडवून त्याच्या ओठांस लावली. पहिली वात त्याने सोडून दिली. दुसरी चोखली.

उजाडेपर्यंत त्याला चार वेळा पाजले. सकाळी ते उभे राहिले आणि चुकून नातवाच्या गुडघ्यापाशी सड शोधू लागले.

माघात थंडी ओसरू लागली. बाभळीच्या वाळलेल्या शेंगा झाडाखाली पडू लागल्या; त्या कुटून मेंढ्यांना घातल्या जात. न कुटल्यास त्यातले पुष्कळ बी लेंडीवाटे जसेच्या तसे बाहेर पडते. भुरीस आता पुन्हा गाभण राहू द्यावयाचे नाही, असे आजीने ठरविले. दात नसलेल्या मेंढीस आणखी एक हिवाळा दोन जिवांचा ओढावयास लावणे बरे नव्हे, असे तिचे म्हणणे. तिला विकावे, असे वडिलांनी एकदा सुचविले. आजीने ते ऐकू न आल्यासारखे केले.

होळीच्या आदल्या दिवशी नातवाने गंजीवर चढून उरलेल्या पेंढ्या मोजल्या. एकतीस होत्या. पाऊस पडण्यास अजून तीन महिने अवकाश होता. त्याने वहीत आकडा लिहिला, खाली उतरला, आणि वाड्यात जाऊन एकेका मेंढीच्या पाठीवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, हात फिरवू लागला.